सडा ओसाड नाही आणि कातळशिल्पं परग्रहावरची नाहीत

एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो: रत्नागिरी-राजापूरकडचे सडे, म्हणजे जांभा दगडाची सपाट पठारं, हे नुसते ओसाड कातळ, तिथे माणूस कधी राहिलाच नाही. कातळावर कोरलेली प्रचंड चित्रं, म्हणजे कातळशिल्पं, फक्त आकाशातून नीट दिसतात, देवाचे गोठणे या गावात होकायंत्राची सुई भरकटते, म्हणजे ती परग्रहावरून आलेल्यांनी कोरली.

आधी ‘ओसाड’चं बघू. सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य, लिहिलं म्हणून जमीन मेलेली नसते. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारा सच्छिद्र जांभा पाणी पोटात घेतो आणि खालच्या वाडीच्या विहिरींना, पऱ्यांना म्हणजे ओढ्यांना सोडतो. पावसाळ्यात सड्यावर गुरं चरतात आणि मातीचा पातळ थर असेल तिथे भात, नाचणीही होते. दीपकाडीसारखी जगात फक्त याच भागात सापडणारी फुलझाडं इथलीच. मे महिन्यात गाडीतून बघून सड्याला ओसाड म्हणणाऱ्यांनी एकदा ऑगस्टमध्ये यावं.

माणूस राहिला नाही? सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत उत्खनन झालं, तिथे दगडी हत्यारं मिळाली. चित्रांमध्येही पुरावा आहे. त्यांत गेंडा आणि पाणघोडा आहेत, आणि आज कोकणात दोन्ही नाहीत. गुजरातेत लांघणजला मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याचं हाड मिळालं आहे. गोदावरी आणि नर्मदेच्या जुन्या गाळात पाणघोड्याचे जीवाश्म आहेत. म्हणजे हे प्राणी या देशातले होते आणि कोरणाऱ्याला ते ठाऊक होते. शिवाय हत्ती, वाघ, मासे आहेत, पण शेतीची दृश्यं दिसत नाहीत. म्हणूनच अभ्यासक ही चित्रं शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्या माणसांची मानतात. नेमकं वय सांगणं अवघड आहे, कारण दगडातल्या खाचेचं थेट कालमापन सहज होत नाही. पण वय निश्चित नाही म्हणून कर्ता परग्रहावरचा ठरत नाही.

‘आकाशातूनच दिसतात’ हेही खरं नाही. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे, त्याच्या अंगावर आणखी प्राणी कोरलेत. कडेने चालत गेलं की रेष उलगडते. अंगणभर रांगोळी घालणारी बाई कुठे आकाशातून बघते? बारसूचा दोन वाघांमधला माणूस तर जवळ उभं राहूनही कळतो.

होकायंत्राचं उत्तर थोडक्यात: जांभा लोहयुक्त आहे, त्याचा लाल रंगही लोहाचाच. अशा खडकात जागोजाग चुंबकत्व असू शकतं, त्यावरून चित्र कोणी काढलं ते कळत नाही.

मला चीड येते ती कोरणाऱ्यांचं श्रेय काढून घेतलं जातं याची. गावकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या ही ठिकाणं लक्षात ठेवली, उक्षीसारख्या गावांनी ती जपली. गोव्यातल्या एका ठिकाणासह यातली 9 ठिकाणं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. बाकीच्या शेकडो चित्रांना मात्र चिरेखाणीचा, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे चिरे कापणाऱ्या खाणींचा, धोका आहे. खाचा थोड्याच सेंटिमीटर खोल आहेत, आणि चिरे कापणारं यंत्र तेवढा थर पहिल्याच फेरीत काढून टाकतं.