दर डिसेंबरला तेच

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या नाताळबाजारात यायचेच असेल, तर दुपारी बाराच्या ठोक्याला निदान मान तरी वर करावी, एवढीच दरवर्षीच्या पाहुण्यांकडून माझी माफक अपेक्षा असते. फ्राउएनकिर्खे या चर्चवर १५०९ साली बसवलेल्या घड्याळातल्या सात निर्वाचकांच्या (म्हणजे सम्राट निवडणाऱ्या मानकऱ्यांच्या) बाहुल्या सम्राट चौथ्या कार्लला तीन प्रदक्षिणा घालतात आणि आमची मंडळी नेमकी तेव्हाच ग्लूवाइनच्या, म्हणजे मसालेदार गरम वाइनच्या, वाफाळत्या मगाचा फोटो काढण्यात, नाहीतर त्या मगाची अनामत रुपयांत किती होते हे मोजण्यात गर्क असते. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या छतांखाली मुंगीलाही वाट मिळू नये अशी रेटारेटी (शनिवारी येऊ नका, हे मी नोव्हेंबरपासून सांगत असतो) आणि तशात पावातली तीन बोटभर सॉसेज सांभाळत कोणीतरी हमखास विचारते, "इथे बघण्यासारखे काय आहे हो?"