अनुभवाची अट नाही

हॉटेलात वेटर व्हायला शिक्षण लागत नाही म्हणतात, ते खरं आहे. माझ्या बी.एस्सी.कडे मालकांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आधी नखं पाहिली. मग विचारलं, "गावची यात्रा कवा असती?"

म्हटलं, चैत्रात.

"घरात लग्नाचं कोण हाय?"

"ताई."

"अवघड हाय," म्हणत मालक गल्ल्यातली चिल्लर मोजू लागले. साताऱ्याकडं पोरगं कामावर का आलं नाही, याची दोनच कारणं असतात आणि माझ्याकडे दोन्ही होती. तरी घेतलं, कारण आधीचा पोरगा त्याच्या यात्रेला गेलेला, तो अजून यायचा होता.

कागदावरच्या अटी नंतर कळल्या. अन्नाला हात लावणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, टायफॉइडची लस, डोक्याला टोपी, अंगठी-घड्याळ बंद, बोट कापलं तर जखम झाकायची. एवढी चौकशी आम्ही ताईच्या स्थळांचीही केली नव्हती.

काम म्हणाल तर मुख्यतः उभं राहायचं. हॉटेलात खुर्च्या भरपूर, पण त्यातली एकही आपली नाही. टेबलावर फडका मारायचा, पाव पोचवायचे, मोरीवरच्या मामांचा खाडा असला की भांडी विसळायची. हे सगळं जमतं. जमत नाही तो कट, म्हणजे मिसळीवरचा तिखट रस्सा. कट फुकट असतो, त्यामुळे गिऱ्हाईक एका पावावर चार-चार वाट्या रिचवतं. ते ओरडतं, "कट आण रे!" आणि मालक गल्ल्यावरून डोळ्यांनी सांगतात, सावकाश जा. दोघांचंही ऐकायचं, तेही हातात उकळतं भांडं घेऊन.

साताऱ्यात पगाराचा विषय काढला की समोरचा कर्मवीर अण्णांचा विषय काढतो. 1947 साली अण्णांनी इथे छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, गरिबाची पोरं कमवून शिकली, हे मालकांना तोंडपाठ आहे. माझ्या बाबतीत 'शिका' रोज असतं. 'कमवा' दहा तारखेच्या पुढं बघू म्हणतात.

हेही चाललं असतं. पण कासला फुलं आली.

पठार बहरलं की पुण्या-मुंबईच्या गाड्या शनिवारी सकाळीच साताऱ्यात उतरतात आणि आमच्या सुट्ट्या बंद होतात. माझा विषय वनस्पतिशास्त्र. सोनकी, तेरडा, कवला ही सगळी मंडळी मी त्या मोसमात गिऱ्हाइकांच्या मोबाईलवर पाहिली, तीही शेवेचे हात लागलेल्या काचेतून. एका मॅडमनी निळसर जांभळ्या फुलाचा फोटो दाखवला. "किती गोड! काय म्हणतात याला?"

"सीतेची आसवं," मी म्हणालो. इथंच थांबायला हरकत नव्हती, पण इतक्या दिवसांत मला विषयातलं कुणी काही विचारलं नव्हतं. "कीटकभक्षी आहे, मॅडम. बारीक फुगे असतात, त्यात छोटे किडे ओढून घेते आणि पचवते."

मॅडमनी वाटीतल्या मटकीकडे पाहिलं आणि चमचा खाली ठेवला.

"काय सांगितलंस रं त्यांना?" मालक.

"शास्त्र."

"त्ये कॉलेजात."

कॉलेजात तरी कुठलं! वर्गाची कासची सहल निघाली नेमकी रविवारी. सुट्टी मिळेना, म्हणून सरांकडे तापाचा अर्ज देऊन मी कामावर आलो. दुपारी बस आमच्याच दारात थांबली. अख्खा वर्ग भुकेला, पुढे सर. मी भिंतीकडे तोंड करून पाव मोजत राहिलो, तेवढ्यात सरांनी मोबाईल वर धरला. "सकाळी पाहिलंत ना हे? शास्त्रीय नाव सांगा."

वर्ग शेव निवडण्यात गुंग. सर तिसऱ्यांदा विचारायला लागले तेव्हा मला राहवलं नाही.

"युट्रिक्युलेरिया, सर."

सरांनी टोपीपासून चपलेपर्यंत मला पाहिलं. "अर्ज तर तापाचा होता."

मी त्यांच्या वाटीत काठोकाठ कट ओतला.

"अजून," सर म्हणाले.

गल्ल्यावर मालक खाकरले.