कपाट स्लॅबला भिडवायचं नसतं: कॉर्निसच्या ‘पाच युक्त्यां’ना उत्तर

बेडरूमचं कपाट आणि छताची कॉर्निस (भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात फिरवलेली शोभेची पट्टी) यांच्याबद्दल ‘पाच सोप्या युक्त्या’ सांगणारा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. लातूरला मावसभावाच्या घराचं काम चालू आहे. त्याने तो मेसेज सुताराला दाखवून ‘असंच करा’ म्हणून सांगितलं, तेव्हा गप्प बसवेना. मेसेजचं म्हणणं असं: कॉर्निस आधी खोलीभर फिरवून घ्या, कपाट पाचरी मारून स्लॅबला घट्ट भिडवा, कोपरे 45 अंशांत कापा, फट राहिली तर व्हाईट सिमेंट भरा, तरीही दिसली तर सिलिकॉन ओढून वरून रंग मारा.

सगळ्यात जास्त नुकसान दुसऱ्या युक्तीत आहे, म्हणून आधी तीच घेऊ.

छत 9 फुटांवर आणि कपाट 2 फूट खोल आहे असं धरा. कपाटाचं खोकं जमिनीवर आडवं जोडून उभं करताना त्याचा कर्ण छताखालून फिरावा लागतो. 9 फुटी खोक्याचा कर्ण 9 फूट अडीच इंचांच्या वर भरतो. म्हणजे हे कपाट उभंच राहणार नाही! उभं करायचं तर उंची 8 फूट 9 इंचांच्या आत हवी. थोडी मोकळीक धरून 8 फूट 8 इंच ठेवा. खाली कपाट आणि वर लॉफ्ट असे दोन भाग केले तर उंची वाढवता येते हे खरं, पण भिडवायचं तेव्हाही नाही. गिलावा सात-आठ फुटांत दोन-तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वरखाली असतोच, त्यामुळे एका टोकाला टेकलेलं कपाट दुसऱ्या टोकाला फट दाखवतं. शिवाय गच्चीखालची खोली असेल तर स्लॅब हलतो. आपल्याकडे मे महिन्यातली दुपारची गच्ची आणि डिसेंबरातली पहाटेची गच्ची यांच्या तापमानात 30 अंशांचा फरक सहज पडतो. काँक्रीट दर मीटरला दर अंशामागे साधारण 0.01 मिलिमीटर वाढतं. 4 मीटरच्या खोलीत हे सव्वा मिलिमीटरच्या आसपास जातं, आणि वरून तापलेला स्लॅब थोडा वाकतोही. पाचर मारलेली असली की हा सगळा दाब खोक्यावर येतो. मग शटर, म्हणजे कपाटाची दारं, घासू लागतात आणि दोष बिजागरीला दिला जातो.

खरी पद्धत अशी: वर 4 इंच जागा मुद्दाम सोडायची आणि ती 18 मिलिमीटर प्लायच्या पट्टीने झाकायची. पट्टी शटरच्या दर्शनी बाजूच्या पातळीत घ्या, मागे रीप (लाकडाची बारीक पट्टी) देऊन आतून स्क्रू मारा. वरची कड छतापासून तीन-चार सूत खालीच ठेवा, कॉर्निस ती झाकते. 3 इंच उतरणारी कॉर्निस असेल तर तिच्याखाली साधारण एक इंच पट्टी उघडी दिसते, मग एक सूत फट, मग शटर. कपाटाची बाजू उघडी असेल तर हीच पट्टी वळवून भिंतीपर्यंत न्यायची. नेमकी इथेच ती विसरली जाते आणि कॉर्निसला टेकायला काही उरत नाही. कॉर्निसच्या मागे येणाऱ्या भागावर मायका लावू नका, मायक्यावर पीओपी धरत नाही.

पहिली युक्ती अर्धी खरी आहे, हे नाइलाजाने मान्य करावं लागतं. कपाट सात फुटी असेल, वरून मोकळं असेल, तर कॉर्निस भिंतीने सरळ मागून जाऊ द्यावी. पण छतापर्यंतच्या कपाटाला आधी खोकं आणि पट्टी, मग कॉर्निस. उलटं केलं तर सुतार तयार पीओपी करवतीने कापतो आणि कड फुटते.

45 अंश? कोपरा काटकोनात असेल तरच. गुण्या (सुताराचा काटकोन तपासायचा कोन) लावून बघा. 93 अंशांचा निघाला तर प्रत्येक तुकडा साडेसेहेचाळीस अंशांत कापावा लागतो. खोलीच्या कोपऱ्यातल्या कपाटाला दोन आतले कोपरे आणि एक बाहेरचा कोपरा येतो, म्हणून डावा-उजवा काप आधी टाकाऊ तुकड्यांवर जुळवून घ्या. मायटर बॉक्समध्ये (ठरावीक कोनात कापायला करवत धरणारी खोबणीची पेटी) कॉर्निस उलटी धरायची, छताला लागणारी कड तळाला.

आता व्हाईट सिमेंट आणि सिलिकॉन. प्लाय आणि पीओपी दमटपणाला वेगवेगळे वागतात. पावसाळ्यात प्लाय फुगतो, उन्हाळ्यात आटतो. मधलं व्हाईट सिमेंट ताणलं जात नाही, म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात केसासारखी रेघ येते. पीओपीची कॉर्निस छताला पक्की करा आणि कपाटाकडची कड मोकळी ठेवा. लाकडाची किंवा एमडीएफची असेल तर कपाटाला पक्की करून छताकडची कड मोकळी. मोकळ्या कडेला एक सूत फट ठेवून त्यात रंग धरणारा ॲक्रिलिक सीलंट भरायचा. फट दोन सुतांहून मोठी असेल तर आधी फोमची दोरी दाबा. साध्या सिलिकॉनवर रंग बसत नाही, हे बहुतेक नळ्यांवर उत्पादकानेच छापलेलं असतं. एकदा ते पसरलं की तिथे लांबी (पुट्टी) सुद्धा धरत नाही, खरवडूनच काढावं लागतं.

शटर रंगानंतर टांगा. लॉफ्टचं शटर वर उघडणारं असेल तर 90 अंशांवर थांबणारी बिजागरी मागा. 110 अंशांच्या बिजागरीवर 2 फुटी शटरचं टोक 8 इंच वर जायला बघतं, आणि वर जागा आहे जेमतेम 4 इंच.