कुत्रा घरादाराचा, केस मात्र माझे

संक्रांतीला काळी साडी नेसायची हे ज्या कोणी ठरवलं ना, त्याच्या घरी फिक्या रंगाचा लॅब्राडोर नव्हता एवढं मी लिहून देते. काल माझ्याकडे हळदीकुंकू होतं. पंधरा-सोळा बायका. साडी कपाटातून काढली तेव्हा स्वच्छ, नेसली तेव्हा स्वच्छ, अन् पहिली काकू दारात चप्पल काढेपर्यंत गुडघ्याखाली निऱ्यांवर नुसते पांढरे केस. बसलेली पण नव्हती हो मी कुठे! हॉलमधून किचन, किचनमधून हॉल, बस्स. वाण देताना एका वहिनीने माझ्या पदरावरचा केस दोन बोटांनी उचलला, माझ्या डोळ्यासमोर धरला अन् गोड हसली. त्यापेक्षा तोंडावर बोलली असती तं बरं झालं असतं.

त्यात आपल्या नागपूरची जानेवारीतली हवा. इतकी कोरडी की स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, दाराच्या कडीला हात लावला तं चटका बसतो, अन् सिंथेटिक साडी चालताना पायाला घासून घासून तोच करंट साठवते, मग काय, फरशीवरचे केस उठून येतात अन् चिकटतात. झटकले तं अजून चिकटतात. अन् नवरा म्हणतो, "झटक ना, निघून जातील." सहा वर्षांपासून हेच एक वाक्य ऐकून राहिली मी.

आमच्या कुत्र्याचं नाव रोडगा. आला तेव्हा तसाच होता, गोवरीच्या आरातून काढल्यासारखा गोल अन् खरपूस. नवऱ्याने अन् पोराने आणला, मला विचारलं ते त्याला गाडीतून उतरवल्यावर. तेव्हा मला सांगितलं, "लॅब आहे, केस छोटे असतात, काही त्रास नाही." इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात ऐकलं नाही. छोटे केस म्हणजेच खरा त्रास! लांब केसांच्या कुत्र्याचे केस निदान कपड्यावर वर पडून तरी असतात, झुपका दिसतो, उचलता येतो. लॅबचा केस सरळ, राठ अन् टोकदार, कापडाच्या विणीत सुईसारखा घुसतो. अन् खाली मऊ लोकरीचा दुसरा थर असतो तो वेगळाच, हे राठ केस गळतात तसा तोही गळतो. शेतातून चालून आलं की सलवारीला कुसळं लागतात पहा, एका दिशेने आत आत सरकत जातात अन् उलटं ओढलं की अडतात, अगदी तसंच. केसावर बारीक खवले असतात म्हणून होतं ते. डोळ्याला दिसत नाहीत, पण तासभर नखाने एकेक केस उपसा म्हणजे कळते.

अन् मी काय केलं? एका दिवाळीला गांधीबागेतून मरून रंगाचं वेलवेट आणून सोफ्याला कव्हर शिवून घेतलं. वेलवेट! घरात लॅब असताना! माझीच अक्कल गहाण पडली होती, दुसऱ्याला काय बोलू. तिसऱ्या दिवशी त्या मरून रंगावर रोडग्याच्या आकाराचा पांढरा डाग, डोकं कुठे, शेपूट कुठे, सगळं कळून राहिलं होतं.

मग सुरू झाली खरेदी. तो चिकट कागदाचा रोलर मागवला, साठ कागदांचा. एका उशीला अकरा कागद गेले. अकरा! म्हणजे पूर्ण सोफा करायचा तं पगार रोलरमध्येच घालायचा. मग एक आगेमागे फिरवायचा प्लास्टिकचा डबा, जाहिरातीत एका फटक्यात गालिचा चकाचक, माझ्याकडे आल्यावर चौथ्या दिवशी आतली पट्टी उखडली. व्हॅक्यूम क्लिनर तं विचारूच नका, धूळ ओढतो, बिस्किटाचा चुरा ओढतो, केस मात्र तिथेच बसून आपल्याकडे पाहतात, अन् जे ओढले जातात ते खालच्या गोल ब्रशला असे गुंडाळतात की नंतर मांडीवर घेऊन कात्रीने कापत बसा.

पण सगळ्यात मोठा बट्ट्याबोळ वॉशिंग मशीनचा. मला वाटलं धुतल्यावर केस जातील. वाटणारच ना, मळ जातो तं केस का नाही जाणार? टाकलं कव्हर जसंच्या तसं, सोबत पोराचे शाळेचे पांढरे शर्ट. बाप्पा! केस ओले झाले की जात नाहीत, गुंततात, त्यांचा लगदा होतो अन् तो लगदा सगळ्या कपड्यांवर सारखा वाटला जातो. मशीनची जाळी उघडली तं आतून ओल्या उंदरासारखं काहीतरी निघालं, मी किंचाळली. शर्टाच्या खिशात केसांची घडी. अन् बाथरूमची नाली तुंबली ती वेगळी, प्लंबर आला, त्याने तारेने ओढून काढलं अन् मलाच विचारतो, "ताई, घरात बकरी पाळली का?"

आधी कोरडं झटकायचं, कोरडंच घासायचं, केस काढायचे अन् मगच धुवायचं. एवढी साधी गोष्ट. मशीनच्या पुस्तकात बावीस प्रोग्राम दिलेत, हे नाही दिलं.

सल्ले देणारे तं गल्लोगल्ली. "काहून टक्कल नाही करत त्याचं उन्हाळ्यात? त्यालेही थंड वाटन." डॉक्टरांना विचारलं मी, ते म्हणाले अजिबात नका करू, ते दोन थर त्याला उन्हापासून पण वाचवतात, भादरलं तं कातडी भाजेल अन् केस पुन्हा नीट येतीलच असं नाही. रोज विंचरा म्हणाले. उपाय तोच, जो केस ब्रशमध्ये आला तो सोफ्यावर येत नाही. घरात ठरलं, रोज सकाळी गच्चीवर नेऊन विंचरायचं काम नवऱ्याचं. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी मीटिंग होती. ती मीटिंग अजून संपली नाही.

अन् हे तं काहीच नाही, खरी गळती होळीच्या आसपास सुरू होते. दिवस मोठा होऊ लागला की थंडीचा कोट उतरतो त्याचा, अन् नेमके तेव्हाच आपण कूलर खाली काढतो. रोडगा साहेब कूलरच्या तोंडासमोर आडवे, वारा त्याच्या पाठीवरून येणार अन् आख्ख्या हॉलमध्ये केस उडवणार. पडद्यावर केस, देवघरातल्या वस्त्रावर केस, माठातल्या पाण्यावर केस. मागच्या नवतप्यात पाहुण्यांना पोहे दिले, तर्रीवर तरंगत होता एक. त्यांनी बाजूला केला अन् खाल्ले बिचाऱ्यांनी.

शेवटी उपाय सांगितला कोणी, तं आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी. "कायले एवढा जीव काढून राहिल्या वहिनी, भांड्याचा रबरी हातमोजा घाला ना." घातला. थोडा ओला केला, पूर्ण झटकून, नुसता दमट, अन् वेलवेटवरून एकाच दिशेने ओढला. रबर अडतं, केस उभा होतो अन् त्याच्यासोबत गोळा होत येतो. तळव्याखाली अक्षरशः वाती वळल्या जातात, समईत लावाव्या अशा. मागेपुढे नाही घासायचं, नाहीतं परत आत जातात. अर्ध्या तासात सोफा झाला, माझं मनगट गेलं, पण झाला. हजारो रुपयांच्या कचऱ्यापुढे बर्डीवरून आणलेला साठ रुपयांचा हातमोजा. कार्पेटला काच पुसायचा रबरी वायपर, तोही असाच ओढायचा.

आता तो हातमोजा दाराजवळ खिळ्याला लटकतो. सहा महिने झाले. घरात चार माणसं, आठ हात, अन् मोज्यात जाणारा हात एकच. सासूबाई त्याच्याकडे पाहून म्हणतात, "अगं, तो राहिलाय आज." राहिलाय म्हणजे? कोणाचा राहिलाय? रोडगा सगळ्यांचा लाडका, "आमचा रोडगा, आमचा रोडगा", फोटो काढायला सगळे, केस आले की "अगं ऐक ना".

मागच्या महिन्यात मावसबहिणीच्या लग्नाला अमरावतीला गेली. एकटी. काळं ब्लाऊज ड्रायक्लीन करून आणलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बॅगेत, बॅग कपाटाच्या वर, कुत्रा तिथे पोहोचूच शकत नाही. दीडशे किलोमीटरवर जाऊन पिशवी उघडली, बाहीवर तीन केस. तिथूनच फोन लावला नवऱ्याला, एवढी ओरडली की बाजूच्या खोलीतली मेहंदीवाली डोकावून गेली. तं हा माणूस काय म्हणतो, "पाह्य, त्याला तुझ्यासोबत यायचं होतं."

मी फोन कट केला.