चार, सहा की दहा?

विजेची गाडी घेताना रेंज किती, बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, सनरूफ कुठपर्यंत उघडतं, हे सगळं विचारून होतं. 'तुमचा मीटर पार्किंगपासून किती लांब आहे?' हे मात्र शोरूममध्ये कुणी विचारत नाही. आम्हाला गाडी विकणारा मुलगा तर म्हणाला, "सर, टेन्शनच घेऊ नका. पंधरा अँपिअरचा पॉइंट असला की झालं. गीझरचा असतो ना, तसाच."

आता गीझर असतो २ किलोवॉटचा आणि चालतो वीसेक मिनिटं. त्यातही मुलं आंघोळीला जायला कुरकुर करत असली तर त्याला मध्ये विश्रांती. गाडीबरोबर मिळणारा साधा चार्जर ३.३ किलोवॉटचा, म्हणजे चौदा-साडेचौदा अँपिअर, आणि रात्री दहाला लावला की पहाटेपर्यंत दम न खाता तेवढेच ओढत बसतो. बी विंगमधल्या एका गृहस्थांनी गीझरच्या न्यायावर विश्वास ठेवला होता. त्यांनी मला आपला सॉकेट काढून दाखवला. तोंड काळं ठिक्कर, प्लगची एक पिन निळसर पडलेली, आणि नाक जवळ नेलं की अजून जळक्या प्लॅस्टिकचा वास. "तसा चालू आहे," ते म्हणाले. पुण्यात वस्तू टाकून देण्याआधी एवढं तरी म्हणावंच लागतं.

म्हणून ठरवलं, भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर लावायचा आणि त्याला मीटरपासून स्वतंत्र वायर ओढायची. इथपर्यंत सगळं माझ्या आणि बायकोच्या मधे होतं. 'वायर' हा शब्द पार्किंगमध्ये उच्चारला आणि विषय सार्वजनिक झाला.

आमची सोसायटी कर्वेनगरात. मीटर ए विंगच्या जिन्याखाली, आणि माझं पार्किंग सी विंगच्या मागे, पाण्याच्या टाकीला खेटून. इलेक्ट्रिशियनने भिंतीच्या कडेकडेने सुतळी धरून मोजलं तर ४० मीटर भरलं. कानावरची पेन्सिल काढून तो म्हणाला, "सहा एमएम टाकू. बास होईल." एमएम म्हणजे इथे वायरीच्या छेदाचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये; आकडा मोठा तितकी वायर जाड. चेअरमन म्हणाले, घरभर चार एमएमवर एसी चालतात, गाडीचे काय एवढे लाड? तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ॲल्युमिनियमची सूचना खाली सोडली, निम्म्या पैशांत होईल म्हणून. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे वायर आणखी जाड घ्यायची आणि जोड सैल पडतात का ते बघत जन्म काढायचा. पण गॅलरीतून बोलणाऱ्याला खालून उत्तर देता येत नाही, मान दुखते.

एवढ्यात काका आले. भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आयुष्य काढलेले, निवृत्त. त्यांनी माझ्याच हातातली लग्नपत्रिका उलटी केली आणि गणित मांडलं. चार्जर ओढणार ३२ अँपिअर. वीज ४० मीटर जाणार आणि ४० मीटर परत येणार, म्हणजे तांबं ८० मीटर. चार एमएमच्या वायरीत जवळजवळ १२ व्होल्ट वाटेतच गळणार. "बारा गुणिले बत्तीस किती?" त्यांनी मला विचारलं. मी मोबाईल काढला तर त्यांनी अशा नजरेने पाहिलं की तो परत खिशात गेला. पावणेचारशे वॉट! चार्जर चालू असेतो तेवढी वीज सोसायटीची भिंत शेकायला. सहा एमएममध्ये अडीचशे, दहा एमएममध्ये दीडशे.

"सहा चालेल की मग," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

"चालेल. जानेवारीत चालेल," काका म्हणाले. पाइपात कोंबलेली वायर आधीच कोंडलेली असते. त्यात एप्रिलमध्ये पुणं चाळिशी गाठतं. पीव्हीसीचं आवरण ७० अंशांपर्यंतच सोसतं, त्यामुळे हवा जितकी तापलेली तितकी वायरीची ताकद कमी धरायची. सहा एमएम तेव्हा ३२ अँपिअरला जेमतेम पुरते, आणि रोज रात्री तास न् तास जेमतेम चालवणं हे काकांच्या शब्दांत 'मेंटेनन्सवाल्याच्या पोटावर पाय'. म्हणजे नेमका कुणाच्या, ते मी विचारलं नाही.

दहा एमएमचा भाव ऐकून बायकोने वेगळंच गणित काढलं. "अरे, हिंजवडीला जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर धर. एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते ना? म्हणजे रोज सहा-सात युनिटं. ती तर साध्या चार्जरवर दोन-सव्वादोन तासांत भरतील. हा मोठा चार्जर कुणासाठी?"

पत्रिकेवर आता जागा नव्हती, नाहीतर काकांनी हेही तपासलं असतं. ते नुसते म्हणाले, "सूनबाई बरोबर बोलतायत."

पण माझं मत त्याच क्षणी पक्कं झालं, आणि ते अजून तेच आहे: चार्जर हवा तर छोटा घ्या, वायरीत कंजुषी करू नका. चार्जर चार स्क्रूंवर लटकतो, तो उद्या बदलता येतो. ४० मीटर वायर बदलायची तर पुन्हा तीन विंगमधून छिन्नी-हातोडा आणि पुन्हा कमिटीची बैठक. बैठकीचा मुद्दा बायकोला तत्काळ पटला.

मग तपकीर गल्ली. तिथे वायर कशासाठी हवी हे विचारायची पद्धत नाही, किती मीटर एवढंच. घरगुती वायरीचं बंडल ९० मीटरचं, पण तीन कोअरची आर्मर्ड केबल, म्हणजे आत तीन वायरी आणि वरून धातूचं चिलखत, मापून कापून मिळते. कापल्यावर ती अजिबात वाकत नाही हे रिक्षात घालताना कळतं. खरी गंमत आरसीसीबीला, म्हणजे वीज गळायला लागली की आपोआप पडून पुरवठा तोडणाऱ्या स्विचला झाली. "एसी चार्जर आहे ना? मग एसी टाइपच घ्या," दुकानदाराने डबा पुढे केला. गाडीच्या बाबतीत नेमका हाच चकवा आहे. एसी म्हणजे घरात येते ती दिशा बदलत वाहणारी वीज, डीसी म्हणजे बॅटरीतली एकाच दिशेने वाहणारी. गाडीतून थोडा डीसी प्रवाह गळला तर टाइप एसीवाला आंधळा होऊ शकतो आणि शॉक बसायच्या वेळी पडत नाही. निदान टाइप ए हवा, ३० मिलिअँपिअरचा, आणि ६ मिलिअँपिअर डीसी ओळखायची सोय चार्जरमध्ये असावी. डब्यावर नुसती एकच लाट काढलेली असेल तर तो एसी. लाटेखाली अर्ध्या कुबडांची रांग असेल तर ए. दुकानदाराने चष्मा लावून कुबडं शोधली आणि म्हणाला, "हे कुणी मागतच नाही हो."

उरलं अर्थिंग. अर्थिंग बरोबर नसेल तर चार्जर लाल दिवा लावून बसतो, त्याच्यापुढे वशिला चालत नाही. खड्डा बागेत घ्यावा लागणार होता, पारिजातकाच्या शेजारी. पुण्यात खड्ड्याला परवानगी लागते हे मला तेव्हा कळलं. कमिटीत तासभर चर्चा झाली. खड्डा सोसायटीच्या जागेत, वीज माझी, मग मातीत जाणारी वीज कुणाची? एका सभासदाने पारिजातकाला करंट लागेल का, असंही विचारलं. शेवटी उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी मी स्वतः घालायचं या अटीवर ठराव झाला. पारिजातकालाही घालायचं, हे सेक्रेटरींनी हाताने वाढवलं.

वीज कंपनीकडून मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी किती वीज ओढता येते ती मर्यादा, वाढवून घ्यायचा अर्ज अजून फिरतो आहे, त्यामुळे चार्जर सध्या १६ अँपिअरवर बांधून ठेवलाय. दहा एमएमच्या वायरीला एवढ्याने घामही फुटत नाही. तरी पहिल्या रात्री मला राहवेना. साडेबाराला खाली उतरलो आणि तापातल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा तळहात आधी केबलला, मग एमसीबीच्या डब्याला लावून पाहिला. वॉचमन खुर्चीतून बघत होता.

"ताप आहे का साहेब?"

"नाही. गार आहे."

"मग झोपा की," तो म्हणाला, "मी आहे ना बसलेला."