वसुली कंपनीचे पत्र फाडू नका: एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेले काही आठवडे मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा: कर्जवसुली कंपनीचे पत्र आले तर सरळ फाडून टाका, खासगी कंपनीला वसुलीचा अधिकारच नसतो, बँकेने कर्ज ‘राइट ऑफ’ केले म्हणजे ते माफ झाले, तीन वर्षे उलटली की कर्ज संपते, पत्र घेतलेच नाही तर कायदा लागू होत नाही, उत्तर दिले तर मात्र तुम्ही अडकता, आणि फारच तगादा लागला तर हजार-दोन हजार भरून टाका, ते गप्प बसतात.

गिरगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू मागच्या महिन्यात असेच एक पत्र घेऊन आल्या. त्यांच्या दिवंगत यजमानांच्या नावावर क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे, ती वारस म्हणून ७२ तासांत भरा, नाहीतर पोलीस कारवाई होईल, असे त्यात लाल अक्षरांत छापले होते. खाली एक मोबाइल नंबर आणि पैसे भरण्यासाठी क्यूआर कोड होता. ‘‘भाच्याने तो मेसेज पाठवलाय, फाडून टाकू ना रे हे?’’ असे त्यांनी विचारले. पत्र संशयास्पद होते यात वादच नाही. तरीही त्या संदेशातला सल्ला चुकीचा आहे आणि तो का चुकीचा आहे हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

पहिला दावा खासगी कंपनीच्या अधिकाराचा. वसुली एजन्सीला स्वतःचा असा अधिकार नसतो हे खरे. पण बँक तिला आपल्या वतीने नेमू शकते आणि त्यासाठी रिझर्व्ह बँकेने २००८ साली सविस्तर सूचना काढल्या आहेत. त्यांनुसार प्रकरण एजन्सीकडे देताना बँकेने कर्जदाराला एजन्सीचे नाव कळवायचे असते आणि एजंटाजवळ बँकेचे अधिकारपत्र व ओळखपत्र असावे लागते. ऑगस्ट २०२२ मधल्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. दुसरा प्रकार मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांचा. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक आपले थकीत कर्ज अशा नोंदणीकृत कंपनीला विकू शकते आणि मग ती कंपनी बँकेच्या जागी येते. म्हणजे पत्र पाठवणारा बँकेचा नेमलेला माणूस असू शकतो, कर्जाचा नवा मालक असू शकतो किंवा शुद्ध भामटाही असू शकतो. कागद फाडल्याने यातले कोण आहे हे कधीच कळत नाही. ते कळते बँकेला विचारून, आणि तेही पासबुकावर किंवा बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असलेल्या नंबरावर. पत्रावरचा नंबर उचलणारा माणूस तर ‘‘हो, आम्ही बँकेचेच’’ असे म्हणणारच.

पोलिसांच्या धमकीबद्दल संदेशात अवाक्षर नाही, आणि लोक घाबरतात ते नेमके तिथेच. हप्ता थकणे ही दिवाणी बाब आहे. तेवढ्यावरून अटक होत नाही. मात्र कर्जापोटी दिलेला चेक वटला नाही, तर १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ लागू होते, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मागणीची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरण्याची संधी असते. घरावर कर्ज असेल तर सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस ६० दिवसांची असते आणि त्या काळात हरकत लेखी नोंदवता येते. अनेक कर्जकरारांत लवादाची, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी नेमलेल्या त्रयस्थाने मिटवण्याची, अट असते. लवादाच्या नोटिशीकडे पाठ फिरवली तर एकतर्फी निवाडा होऊ शकतो आणि त्याची अंमलबजावणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखीच होते. हे सगळे कागद दिसायला वसुलीच्या पत्रांसारखेच असतात, आणि जो माणूस आलेले प्रत्येक पत्र न वाचता फाडतो, तो बनावट धमकीबरोबर स्वतःच्या हक्काची मुदतही फाडून टाकतो.

‘राइट ऑफ’ म्हणजे माफी, हा दावा दोन वाक्यांत संपतो. राइट ऑफ ही बँकेच्या हिशेबवहीतली नोंद आहे. कर्जदाराला त्यातून सूट मिळत नाही आणि बँकेचा वसुलीचा हक्क तसाच राहतो.

तीन वर्षांचा दावा सर्वांत घातक, कारण तो अर्धा खरा आहे. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार साध्या उसनवारीच्या वसुलीचा दावा सामान्यतः तीन वर्षांत दाखल करावा लागतो, आणि मुदत संपल्यावर आलेला दावा न्यायालयाने फेटाळायचा असतो, प्रतिवादीने मुद्दा काढला नसला तरीही. परंतु गहाणाच्या मालमत्तेवरून वसुली करण्याच्या दाव्याला मुदत १२ वर्षांची आहे आणि एकदा हुकूमनामा झाला की त्याच्या अंमलबजावणीसाठीही १२ वर्षे मिळतात. शिवाय तीन वर्षे कोणत्या तारखेपासून मोजायची हा खरा प्रश्न आहे. मुदत संपण्यापूर्वी तुम्ही सहीनिशी लेखी कबुली दिलीत, किंवा काही रक्कम भरून ती भरल्याची नोंद तुमच्या हस्ताक्षरात वा सहीने राहिली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे सुरू होतात. मुदत संपल्यानंतरही, मी हे कर्ज फेडीन असे लेखी आणि सही करून वचन दिलेत, तर करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे ते वचन बंधनकारक ठरू शकते. आणि मुदत गेल्याने दावा बुडतो, देणे पुसले जात नाही.

याच कारणासाठी ‘हजार-दोन हजार भरून टाका’ हा शेवटचा सल्ला मला विशेष खटकतो. एकीकडे तीन वर्षांनी कर्ज मेले म्हणायचे आणि दुसरीकडे लोकांना असा भरणा करायला सांगायचे, जो मुदत संपत आलेल्या कर्जाला नवे आयुष्य देऊ शकतो. पत्र बनावट असेल तर ते पैसे बुडालेच, वर आपण घाबरतो हे समोरच्याला कळते आणि मागणी वाढते. खरे कर्ज असेल आणि तडजोड करायचीच असेल, तर बँकेच्या लेटरहेडवर लेखी प्रस्ताव घ्यावा, पैसे थेट कर्जखात्यात भरावेत आणि ‘काही देणे उरले नाही’ असे नो ड्यूज प्रमाणपत्र हातात येईपर्यंत पाठपुरावा करावा. तडजोडीने मिटवलेले खाते पतअहवालात (क्रेडिट रिपोर्टमध्ये) ‘सेटल्ड’ म्हणून दिसते, पूर्ण फेडलेल्या खात्यासारखे दिसत नाही, हेही आधी समजून घ्यावे.

पत्र नाकारण्याबद्दल: योग्य पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस घेण्यास नकार दिला, तरी कायदा ती मिळाली असेच मानतो. राहिला प्रश्न उत्तराचा. उत्तर दिल्याने कोणी अडकत नाही; अडकतो तो उत्तरातल्या शब्दांमुळे. ‘‘सध्या अडचण आहे, थोडी मुदत द्या, भरतो’’ हे सहीचे वाक्य म्हणजे कबुलीच. काकूंच्या वतीने आम्ही लिहिले ते असे: हे देणे मला मान्य नाही, ते तपासता यावे म्हणून मूळ कराराची प्रत, संपूर्ण खातेउतारा, शेवटच्या भरण्याची तारीख आणि तुम्हाला बँकेने दिलेले अधिकारपत्र किंवा कर्ज हस्तांतरणाचे कागद पाठवावेत, यापुढचा व्यवहार फक्त लेखी करावा. आधार, पॅन, बँकखाते यांतले काहीही त्यात दिले नाही. एक प्रत बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवली आणि दोन्हींच्या पोचपावत्या पाकिटासह फाइलला लावल्या. बँकेला तक्रार लिहिण्याचा आणखी एक उपयोग आहे: तक्रार निकाली निघेपर्यंत ते प्रकरण वसुली एजन्सीकडे देऊ नये, असे त्याच २००८ च्या सूचनांत म्हटले आहे, उगाच केलेली तक्रार असेल तर गोष्ट वेगळी.

काकूंना सर्वांत मोठी भीती होती ती यजमानांचे देणे आपल्या पेन्शनीतून फेडावे लागेल याची. वारसाची जबाबदारी मृताकडून त्याच्याकडे आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. वारस स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तरच ती त्यापलीकडे जाते. काकूंनी कुठेही सही केलेली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या नावावर कोणी परस्पर कर्ज उचललेले नाही ना, हे पाहण्यासाठी त्यांचा पतअहवालही मागवला. चारही पतमाहिती कंपन्यांनी असा अहवाल वर्षातून एकदा मोफत द्यायचा असतो. वकिलाची फी परवडत नाही असे त्या म्हणाल्या, तेव्हा त्यांना हेही सांगावे लागले की विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

वसुली कंपनीकडून अजून एकही कागद आलेला नाही, आणि त्या मोबाइल नंबरावरून येणारे फोन थांबले आहेत. बँकेला पत्र पोचून येत्या सोमवारी ३० दिवस होतात. तोपर्यंत तिचे उत्तर आले नाही, तर तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईल; अर्ज भरून तयार आहे आणि ते लाल अक्षरांचे पत्र पुरावा म्हणून त्याला जोडले आहे.