खुलासा : पॉवेल एक नव्हे, दोन

‘थॅचर आणि ब्लेअर या दोन्ही ब्रिटिश पंतप्रधानांचा उजवा हात एकच माणूस होता, पॉवेल’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. हे दोन सख्खे भाऊ आहेत.

थोरले चार्ल्स १९६३ मध्ये परराष्ट्र सेवेत आले. १९८३ पासून ते थॅचर यांचे परराष्ट्र व्यवहारांचे खासगी सचिव होते. त्या पायउतार झाल्यावर काही काळ त्यांनी पुढचे पंतप्रधान जॉन मेजर यांच्याकडेही काम केले. ते पक्षाचे नेमलेले माणूस नव्हते, सरकारी अधिकारी होते. हा फरक महत्त्वाचा आहे. जार्डिन मॅथेसनसारख्या कंपन्यांची संचालकपदे त्यांच्याकडे आली ती सेवा सोडल्यानंतर. २००० साली ते लॉर्ड झाले.

धाकटे जोनाथनही मुत्सद्दीच. मात्र नोकरी सोडून १९९५ मध्ये ते ब्लेअर यांच्याकडे गेले आणि २००७ पर्यंत त्यांचे चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे कार्यालयप्रमुख, राहिले. उत्तर आयर्लंडच्या १९९८ च्या शांतता करारामागची मेहनत यांची. ती थोरल्यांच्या नावावर टाकणे धाकट्यांवर अन्याय आहे.

गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण आडनावाचे स्पेलिंग एकच. उच्चार मात्र वेगळे : थोरले स्वतःला ‘पोल’ म्हणवतात, धाकटे ‘पॉवेल’.